नायगारा: नौका, हेलिकॉप्टर, जेटबोट आणि झिपलाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की भारतातून आईवडील मुलांकडे अमेरिकेत आणि कॅनडात येऊ लागतात, आणि सामान उघडायच्या आत नायगाऱ्याचा विषय निघतो. मग फोन सुरू होतात. बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का, साडी चालेल का, हेलिकॉप्टरचे पैसे वसूल होतात का, कॅनडाचा व्हिसा लागतो का. ही सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. माझं एक ठाम मत आहे आणि ते बहुतेक उत्तरांत दिसेल: नायगारा कठड्याला टेकून, फोटो काढून परत फिरण्याचा धबधबा नाही. त्याच्या पायथ्याशी, पाण्यात जायला हवं. हवेतल्या राइड त्यानंतर.

तिथे नेमक्या कुठल्या राइड आहेत?

पाण्यातल्या मुख्य दोन. पहिली धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जाणारी मोठी नौका. अमेरिकेच्या काठावरून ‘मेड ऑफ द मिस्ट’ निघते आणि कॅनडाच्या काठावरून ‘नायगारा सिटी क्रूझेस’. दुसरी जेटबोट, ती धबधब्याच्या बऱ्याच खाली घळईतल्या उसळत्या पाण्यात जाते. शिवाय नौकेत न बसता पाण्याला भिडायचं असेल तर अमेरिकेच्या बाजूला ‘केव्ह ऑफ द विंड्स’ आणि कॅनडाच्या बाजूला ‘जर्नी बिहाइंड द फॉल्स’.

हवेतून बघायचं तर हेलिकॉप्टर दोन्ही देशांतून उडतात. झिपलाइन आणि घळईतल्या नदीच्या मोठ्या भोवऱ्यावरून जाणारी ‘व्हर्लपूल एअरो कार’ हे दोन्ही फक्त कॅनडात आहेत. स्कायलॉन टॉवर आणि मोठा आकाशपाळणाही कॅनडातच.

वेळ आणि पैसे दोन्ही बेताचे आहेत. एकच राइड करायची तर कुठली?

नौका. यावर मी कधीच मत बदललेलं नाही.

वरून बघताना धबधबा सुंदर दिसतो, पण त्याचा आकार कळत नाही. नायगाऱ्यात तीन धबधबे आहेत: अमेरिकन फॉल्स, त्याला लागून असलेला चिंचोळा ब्रायडल व्हेल, आणि गोट आयलंडच्या पलीकडे घोड्याच्या नालेच्या आकाराचा हॉर्सशू. नदीचं सुमारे नव्वद टक्के पाणी एकट्या हॉर्सशूवरून पडतं. नौका आधी अमेरिकन फॉल्सच्या समोरून जाते. तिथे खाली कोसळलेल्या प्रचंड खडकांचा ढीग आहे आणि पाणी त्यावर आपटताना दिसतं. मग ती हळूहळू हॉर्सशूच्या खोबणीत शिरते. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, समोर पाणी. तुषार इतके दाट होतात की समोरची भिंत दिसेनाशी होते. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. नौका तिथे प्रवाहाच्या विरुद्ध जोर लावून काही मिनिटं जागच्या जागी थांबते, आणि पायाखालची फळी थरथरताना जाणवते. हे कुठल्याही फोटोत येत नाही.

सगळी फेरी साधारण वीस मिनिटांची. तिकीट माणशी तीस डॉलरच्या आसपास. हेलिकॉप्टरला याच्या कितीतरी पट पैसे पडतात.

अमेरिकेची नौका चांगली की कॅनडाची?

पाण्यातला मार्ग जवळजवळ सारखाच. अमेरिकेच्या नौकेवर निळे पोंचो, कॅनडाच्या नौकेवर लाल. दोन्ही नौका समोरासमोर आल्या की एक निळा जमाव आणि एक लाल जमाव एकमेकांना हात करतो, मुलांना ते फार आवडतं. तुमच्याकडे ज्या देशाचा व्हिसा आहे त्या बाजूची घ्या, दुसरीसाठी हळहळू नका.

अमेरिकेच्या बाजूचा एक फायदा सांगते. तिकिटातच निरीक्षण मनोऱ्यावर जाता येतं, आणि नौकेतून उतरल्यावर अमेरिकन फॉल्सच्या अगदी कडेने वर चढत जाणारा एक जिना आहे. बहुतेक लोक लिफ्टच्या रांगेकडे वळतात आणि तो चुकवतात. पाय धड असतील तर चुकवू नका. कॅनडाच्या बाजूचा फायदा म्हणजे उन्हाळ्यात तिथे रात्रीच्याही फेऱ्या असतात, रंगीत दिव्यांत उजळलेला धबधबा पाण्यातून बघता येतो.

नौका धबधब्याच्या इतक्या जवळ जाते, धोका नाही का?

पाणी जिथे पडतं तिथे ती जात नाही. खोबणीत शिरली तरी त्याच्या अलीकडेच थांबते. आणि या मार्गाला मोठा इतिहास आहे. ‘मेड ऑफ द मिस्ट’ नावाची पहिली बोट १८४६ साली आली तेव्हा ती सहलीची नव्हती. माणसं आणि सामान नदीपार नेणारी ती फेरी होती. दोनच वर्षांत झुलता पूल झाला, फेरीचं गिऱ्हाईक आटलं आणि मालकांनी तीच बोट लोकांना धबधबा दाखवायला वापरली.

त्यानंतर १८६१ साली जे घडलं ते ऐकून आजही छातीत धडधडतं. त्याच नावाची पुढची बोट विकली गेली होती आणि ती लेक ऑन्टॅरिओपर्यंत पोचवायची होती. वाटेत घळईतला सगळ्यात भयंकर प्रवाह आणि त्यापुढे भोवरा. कॅप्टन जोएल रॉबिन्सन दोन सहकाऱ्यांना घेऊन ती बोट त्या पाण्यातून घेऊन गेले. धुरांडं तुटलं, पण बोट आणि तिघंही सुखरूप पार झाले.

आणखी एक प्रसंग १९६० सालचा. धबधब्याच्या वर नदीत एक बोट उलटली आणि सात वर्षांचा एक मुलगा फक्त लाइफ जॅकेटवर हॉर्सशूवरून खाली आला. खाली नेमकी ‘मेड ऑफ द मिस्ट’ होती. खलाशांनी कडं फेकलं, मुलाने ते धरलं आणि तो वाचला.

या नौका विजेवर चालतात म्हणे?

अमेरिकेच्या बाजूच्या दोन्ही. २०२० च्या ऑक्टोबरपासून तिथे डिझेल नाही. एका नौकेचं नाव ‘निकोला टेस्ला’, दुसरीचं ‘जेम्स व्ही. ग्लिन’. प्रत्येक फेरीनंतर प्रवासी चढ-उतार करत असताना साधारण सात मिनिटं चार्जिंग होतं. वीज जलविद्युत. ज्या नदीवर नौका चालते तीच तिला ताकद पुरवते.

संशोधक टेस्लाचं नाव उगीच दिलेलं नाही. त्याच्या प्रत्यावर्ती (एसी) विद्युतप्रवाहाच्या पद्धतीवर उभारलेल्या नायगाऱ्याच्या वीजकेंद्रातून १८९६ साली बफेलो शहराला वीज गेली, आणि दूरवर वीज नेता येते हे जगाला पटलं. टेस्लाचे पुतळे दोन्ही काठांवर आहेत. डिझेलच्या काळात नौकेवर इंजिनाची घरघर आणि धुराचा वास असायचा. आता धबधब्याचाच आवाज कानात भरतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांत नायगाऱ्याला झालेली ही सगळ्यात चांगली सुधारणा.

किती भिजायला होतं? साडी चालेल का?

भिजायला होतंच. पोंचो डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत झाकतो. चेहरा, मनगटं, पोटऱ्या आणि पावलं ओली होतात. वरच्या मजल्यावर पुढच्या कठड्याशी उभं राहिलात तर जास्त, खालच्या मजल्यावर आतल्या बाजूला राहिलात तर बरंच कमी.

साडी चालते, फक्त सुती किंवा सिंथेटिक नेसा, जरा वर नेसा आणि पोंचो घालण्याआधी पदर खोचून घ्या. निऱ्या ओल्या झाल्या की पायात अडकतात आणि उतरताना उतारावर ते धोक्याचं असतं. सलवार-कमीज किंवा पॅन्ट असेल तर प्रश्नच मिटला. पायात मागे पट्टा असलेले रबरी सँडल हवेत. साध्या चपला निसटतात.

श्रवणयंत्र नौकेवर चढण्याआधी काढून डबीत घाला आणि डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत. ही सूचना कुठल्याही फलकावर ठळक नसते आणि ज्येष्ठांना नेमकी तीच लागते. चष्म्याला दोरी लावा. फोनसाठी गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी चालते. हॉर्सशूच्या आत गेल्यावर मात्र फोन खिशात ठेवा. तिथे पडद्यावर पांढऱ्याशिवाय काही उमटत नाही.

आईबाबा सत्तरीचे आहेत. त्यांना काय झेपेल?

नौका नक्की झेपेल. घळईच्या तळापर्यंत लिफ्ट आहे, तिथून धक्क्यापर्यंत थोडा उतार. चाकाची खुर्ची नौकेत खालच्या मजल्यापर्यंत नेता येते. वरच्या मजल्यावर जायला जिना चढावा लागतो. बसायला जागा फारशी नसते, वीस मिनिटं उभं राहण्याची तयारी हवी. खरा त्रास रांगेचा होतो. जुलै-ऑगस्टच्या दुपारी उन्हात तासभर उभं राहावं लागू शकतं, म्हणून ज्येष्ठ बरोबर असतील तर सकाळची पहिली-दुसरी फेरी गाठा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रांगेत लागण्याआधी खाऊन घ्यावं आणि खिशात दोन बिस्किटं ठेवावीत.

हेलिकॉप्टर ज्येष्ठांना नौकेपेक्षाही सोपं जातं, कारण चालायचं काहीच नसतं. एअरो कारसुद्धा जमते. जेटबोट आणि झिपलाइन पाठीचं, मानेचं किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी टाळायची. गरोदर स्त्रियांनीही.

केव्ह ऑफ द विंड्समध्ये गुहा आहे का?

आता नाही. ब्रायडल व्हेलच्या मागे खरोखर एक गुहा होती, ती १९५४ साली ढासळली. आज तिथे जे आहे ते माझ्या मते गुहेपेक्षा जास्त थरारक आहे.

गोट आयलंडवरून लिफ्टने ५३ मीटर खाली जायचं. पिवळा पोंचो आणि पायात घालायला सँडल तिथेच मिळतात, ते घरी नेता येतात. मग खडकांवर बांधलेल्या लाल लाकडी पायवाटांवरून एकेक टप्पा वर चढत जायचं. शेवटचा टप्पा ‘हरिकेन डेक’. तिथे ब्रायडल व्हेलची धार तुमच्यापासून जेमतेम सहा मीटरवर कोसळत असते. वारा इतका जोरात की श्वास घ्यायला मान फिरवावी लागते. ज्यांनी पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्याखाली उभं राहून अंगावर पाणी घेतलंय त्यांना ओळखीचं वाटेल. फक्त इथे पाणी थंडगार असतं आणि वारा त्याहून बेफाम.

या पायवाटा कायमच्या नाहीत. दर हिवाळ्यात बर्फ त्या मोडून टाकेल म्हणून शरद ऋतूत त्या उतरवतात आणि वसंतात पुन्हा बांधतात. ४२ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना हरिकेन डेकवर सोडत नाहीत, कडेवर घेऊनही नाही. वरपर्यंत पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखत असतील तर खालच्या टप्प्यांवर थांबा. तिथूनही पुरेसं भिजता येतं.

आणि जर्नी बिहाइंड द फॉल्स?

कॅनडाच्या बाजूला लिफ्टने खाली उतरून बोगद्यांतून हॉर्सशूच्या मागे जाता येतं. बोगद्याच्या टोकाला खिडकीतून पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही, काहींचा त्यामुळे विरस होतो. खरी मजा बाहेरच्या सज्जात, जिथे हॉर्सशू अगदी शेजारी कोसळताना दिसतो. बारमाही उघडं असतं, म्हणून हिवाळ्यात येणाऱ्यांनी हेच करावं.

जेटबोट धबधब्यापर्यंत जाते का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. जेटबोट धबधब्यापासून बरीच खाली, कॅनडातल्या नायगारा-ऑन-द-लेक आणि क्वीन्स्टन किंवा अमेरिकेतल्या ल्यूइस्टन इथून सुटते. ती प्रवाहाविरुद्ध घळईत वर जाते, ‘डेव्हिल्स होल’च्या लाटांतून उसळते आणि भोवऱ्याच्या तोंडापाशी परत फिरते. धबधबा तिच्यातून दिसत नाही.

उघड्या बोटीत बसलात तर पोंचोचा उपयोग शून्य. लाट डोक्यावरून येते आणि तुम्ही अंतर्वस्त्रांपर्यंत भिजता. कपड्यांचा पूर्ण जोड आणि टॉवेल गाडीत हवाच. भिजायचं नसेल तर काचेने बंद केलेल्या बोटीही आहेत, पण मग ती राइड कशाला, असं मला वाटतं. कॉलेजातली मुलं, तरुण जोडपी, पोहण्याची आणि पाण्याची आवड असलेली माणसं यांच्यासाठी ही उत्तम. वयाची आणि उंचीची अट प्रत्येक कंपनी वेगळी ठेवते, आरक्षणाआधी वाचून घ्या.

कोलाडला राफ्टिंग केलंय. इथे करता येतं का?

नाही. कुंडलिकेचं पाणी आणि या घळईचं पाणी यांची तुलनाच होत नाही. इथला सगळ्यात खडतर प्रवाह सहाव्या श्रेणीचा मानतात, म्हणजे राफ्टिंगच्या मोजपट्टीचं शेवटचं टोक. १९७५ साली इथे सहलीचा एक मोठा तराफा उलटून तिघांचा मृत्यू झाला. हा प्रवाह जवळून बघायचा असेल तर कॅनडाच्या बाजूला ‘व्हाइट वॉटर वॉक’ आहे. लिफ्टने खाली जायचं आणि लाकडी पायवाटेवरून पाण्याच्या कडेकडेने चालायचं. गर्दी कमी असते, तिकीट स्वस्त असतं, आणि लाटा कठड्यापासून काही फुटांवर फुटतात.

हेलिकॉप्टरचे पैसे वसूल होतात का?

नौका झाली असेल आणि खिशाला जड जाणार नसेल तर होतात. नौका न करता फक्त हेलिकॉप्टर करणाऱ्यांना मात्र मी परावृत्त करते.

कॅनडाच्या बाजूची नेहमीची फेरी बारा मिनिटांच्या आसपास असते. हेलिपॅड भोवऱ्याजवळ आहे, त्यामुळे सुरुवातच भोवऱ्यावरून होते. मग घळई, दोन देशांना जोडणारा रेनबो ब्रिज, अमेरिकन फॉल्स आणि शेवटी हॉर्सशूला वळसा. यात सगळ्यात मोलाचं काय, तर नदीची गोष्ट एका नजरेत कळते. वर लेक ईरीकडून येणारी रुंद, सपाट, शांत नदी. मग एकदम कडा. आणि खाली अरुंद, खोल, हिरवी घळई. ती घळई धबधब्यानेच कोरली आहे. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी धबधबा आजच्या जागेपासून अकरा किलोमीटर खाली होता, आणि कडा झिजवत झिजवत तो मागे सरकत आला. शाळेत भूगोलाच्या तासाला हेच शिकवतात. बारा मिनिटांत ते डोळ्यांसमोर उलगडतं. नववी-दहावीतली मुलं बरोबर असतील तर मी खर्चाचा विचार बाजूला ठेवायला सांगेन.

हेलिकॉप्टर धबधब्याच्या आत शिरत नाही आणि खाली झुकत नाही. उंचीचे आणि मार्गाचे नियम कडक आहेत. तेव्हा अंगावर काटा येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

हेलिकॉप्टरमध्ये खिडकीची जागा मागता येते का?

मागता येते, मिळेलच असं नाही. आसनं वजनाच्या समतोलावर ठरतात, म्हणून उड्डाणाआधी प्रत्येकाचं वजन करतात. यात लाजण्यासारखं काही नाही. काही कंपन्या ठरावीक वजनापुढे जादा आकार लावतात. पाऊस, धुकं किंवा ढग खाली आले तर उड्डाण रद्द होतं. फिक्या कपड्यांचं काचेत प्रतिबिंब पडून फोटो खराब होतात, म्हणून गडद रंगाचे कपडे घाला. कानाचे मोठे हेडफोन देतात, तेव्हा अंबाडा किंवा वर बांधलेले केस अडचण करतात.

एअरो कार म्हणजे काय? फार जुनी आहे असं ऐकलं.

१९१६ सालची आहे. लिओनार्दो तोरेस केवेदो या स्पॅनिश अभियंत्याने ती आखली. जाड तारांवर लोंबकळणारा, बाजूंनी उघडा एक पाळणा, त्यात सगळे उभे. तो भोवऱ्याच्या वरून हळूहळू पलीकडे जातो आणि परत येतो. दोन्ही टोकं कॅनडातच आहेत, तरी नदी तिथे अशी वळते की जाऊन येईपर्यंत तुम्ही दोन देशांची सीमा चार वेळा ओलांडता. व्हिसा कुणी विचारत नाही.

खाली बघा. घळई काटकोनात वळते, आणि त्या कोपऱ्यात नदीचं सगळं पाणी गरगरत असतं. एरवी ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, पण वीजनिर्मितीसाठी वरून पाणी वळवलं आणि पातळी उतरली की दिशा बदलते. हवेतल्या सगळ्या राइडमध्ये ही सगळ्यात संथ आणि माझी सगळ्यात आवडती. गर्दीचे पर्यटक इथवर येत नाहीत, कारण धबधब्यापासून ती काही किलोमीटर दूर आहे.

झिपलाइनवर भीती वाटते का?

सुरुवातीच्या पायरीवर वाटते. मग बसलेल्या स्थितीत तुम्ही सुटता आणि ६७ मीटर उंचीवरून ६७० मीटर लांब तारेवरून घळईच्या कडेने खाली जाता. अमेरिकन फॉल्स समोर असतो. चार तारा शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे कुटुंब एकत्र सुटू शकतं. राइड मिनिटभरात संपते, म्हणून पैशांच्या मानाने मला ती तोकडी वाटते. टीनएजर मुलांना विचाराल तर ती नेमकं उलट सांगतील.

दुधसागर ३१० मीटर उंच आहे. नायगारा तर जेमतेम ५७. मग एवढं कौतुक कशाचं?

पाण्याचं. हॉर्सशूचा कडा जवळपास पाऊण किलोमीटर लांब आहे. उन्हाळ्यातल्या दिवसा तिन्ही धबधब्यांवरून मिळून सेकंदाला किमान २८ लाख लिटर पाणी पडतं, तेही पाऊस असो वा नसो. आपले धबधबे पावसावर जगतात आणि दिवाळीनंतर बारीक होतात. नायगाऱ्याच्या मागे चार महासरोवरं उभी आहेत.

रात्री पाणी बंद करतात हे खरं आहे का?

बंद नाही, कमी करतात. १९५० साली अमेरिका आणि कॅनडात करार झाला. एप्रिल ते ऑक्टोबर दिवसा पर्यटकांसाठी ठरलेलं पाणी सोडायचंच; रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्म्यापर्यंत कमी करून उरलेलं वीजनिर्मितीला वळवता येतं. याचा अर्थ असा की पूर्ण जोरातला धबधबा बघायचा तर उन्हाळ्यातला दिवसच.

पूर्ण कोरडा अमेरिकन फॉल्स लोकांनी १९६९ साली पाहिला. खडकांची पाहणी करायला अभियंत्यांनी बांध घालून त्याचं पाणी काही महिने हॉर्सशूकडे वळवलं होतं. आणि १८४८ च्या मार्चमध्ये लेक ईरीच्या तोंडाशी बर्फ अडकून निसर्गानेच अख्खा नायगारा दीडेक दिवस थांबवला होता.

कुठल्या महिन्यात आणि किती वाजता जावं?

नौका साधारण एप्रिल-मेपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. सुरुवात नदीतल्या बर्फावर ठरते. जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर सर्वांत चांगले. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचा आठवडा आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेचा वीकेंड टाळा.

इंद्रधनुष्यासाठी सूर्य पाठीमागे हवा. अमेरिकेच्या काठावरून पश्चिमेकडे बघताना सकाळी, कॅनडाच्या काठावरून पूर्वेकडे बघताना दुपारनंतर. केव्ह ऑफ द विंड्सला दुपारी ऊन पडलं की इंद्रधनुष्य पायाजवळ येतं.

कॅनडाचा व्हिसा नाही. काही चुकतं का?

नौका चुकत नाही, केव्ह ऑफ द विंड्स चुकत नाही, हेलिकॉप्टरही अमेरिकेतून मिळतं. नौका पाण्यात सीमा ओलांडते, पण आपल्याच धक्क्यावर परत येते, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न येत नाही. चुकतं ते समोरून दिसणारं पूर्ण दृश्य, कारण तिन्ही धबधबे कॅनडाकडे तोंड करून आहेत.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा कॅनडात चालत नाही. कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो, रेनबो ब्रिजवर मिळत नाही. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्यांना तो लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. आईवडील टोरांटोला आले असतील तर त्यांना पूल ओलांडायला अमेरिकेचा व्हिसा लागेल. पूल पायी ओलांडता येतो, आणि मधोमध उभं राहून दोन्ही बाजू बघणं हीसुद्धा एक सहल आहे. परत येताना आत घेतील याची खात्री झाल्याशिवाय मात्र पुलावर पाऊल ठेवू नका. व्हिसाचे नियम बदलतात, निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताडून घ्या.

अमेरिकेच्या काठावर असतानाही फोन कॅनडाचा टॉवर पकडतो. डेटा रोमिंग बंद करा, नाहीतर बिल येतं.

एका दिवसात किती होतं?

अमेरिकेच्या बाजूला नौका सकाळी, केव्ह ऑफ द विंड्स दुपारी, संध्याकाळी हॉर्सशूच्या कडेच्या टेरापिन पॉइंटवर निवांत बसणं आणि अंधार पडल्यावर दिवे. दिवस भरून जातो. स्टेट पार्कमध्ये प्रवेश मोफत आहे. गाडी लावायचे आणि राइडचे पैसे पडतात. न्यू जर्सीहून गाडीने साडेसहा-सात तास लागतात, म्हणून त्याच दिवशी परतायचा बेत करू नका. टोरांटोहून दीड-दोन तासांत पोचता येतं, तिथून एका दिवसात कॅनडाची बाजू होते.

भारतातून टूरने येतोय. या राइड त्यात असतात का?

नौका बहुतेक टूरमध्ये असते. केव्ह ऑफ द विंड्स आणि हेलिकॉप्टर कधी असतात, कधी ‘वेळ उरल्यास’ असं मोघम लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: कुठल्या राइडचं तिकीट धरलंय, नायगाऱ्याला प्रत्यक्ष किती तास मिळणार आहेत, आणि हवेमुळे राइड रद्द झाली तर पैसे परत मिळणार का. ऑक्टोबरअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीची टूर स्वस्त पडते, पण नौका चालू असेल का हे आधी विचारून घ्या. नौकेशिवायच्या नायगाऱ्यासाठी एवढ्या लांबचा खर्च करू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

ड्रोन उडवला तर चालेल का?

नाही, दोन्ही काठांवर मनाई आहे. वर सतत हेलिकॉप्टर असतात आणि खाली माणसं. वरून चित्रण हवं असेल तर हेलिकॉप्टरमध्ये फोन मनगटाला दोरीने बांधून काढा. एअरो कारमध्येही फोन असाच बांधून घ्या. भोवऱ्यात पडलेला परत मिळत नाही.